स्वातंत्र्याची घोषणा आणि नवी राज्यघटना: कोसोव्होच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादा प्रदेश फुटून निघतो तेव्हा कागदावर नेमकं काय घडतं, याबद्दल येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः कोसोव्होवर, म्हणजे २००८ मध्ये सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलेल्या प्रदेशावर, बेतलेली आहेत, कारण तिथली प्रत्येक पायरी लेखी आहे आणि तिच्यावर थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात खल झाला आहे. जिथे दुसऱ्या देशाचं उदाहरण जास्त बोलकं आहे, तिथे ते दिलं आहे.

१. स्वातंत्र्य जाहीर करायला कोणाची परवानगी लागते?

'हो, करा' असा शिक्का मारणारं कार्यालय जगात कुठेही नाही. मूळ देश राजी असेल तर काम सोपं होतं. दक्षिण सुदानच्या बाबतीत २००५ च्या शांतता करारातच सार्वमताची तरतूद होती, म्हणून ९ जुलै २०११ ला फारशी कायदेशीर खळखळ झाली नाही. मूळ देश राजी नसेल तर घोषणा एकतर्फी ठरते आणि खरे प्रश्न तिथून सुरू होतात.

देश कशाला म्हणायचं, यासाठी १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराच्या चार कसोट्या सांगितल्या जातात: कायम लोकसंख्या, ठरलेला भूभाग, सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची क्षमता. यात 'मान्यता' हा शब्द नाही. व्यवहारात मात्र चौथी कसोटी मान्यतेशिवाय लंगडीच राहते (प्र. १४ पाहा).

२. कोसोव्हो सर्बियाचाच भाग होता ना? मग २००८ च का?

युगोस्लाव्हियाच्या १९७४ च्या घटनेत कोसोव्हो हा सर्बियातला स्वायत्त प्रांत होता. मार्च १९८९ मध्ये ती स्वायत्तता जवळजवळ काढून घेतली गेली. कोसोव्होत बहुसंख्य असलेल्या अल्बेनियन समाजाच्या प्रतिनिधींनी १९९० मध्ये काचानिक इथे स्वतःची घटना केली, सप्टेंबर १९९१ मध्ये सार्वमतही घेतलं. पण मान्यता दिली ती एकट्या अल्बेनियाने. पुढे १९९८-९९ चं युद्ध, नाटोचे ७८ दिवसांचे हवाई हल्ले आणि १० जून १९९९ चा सुरक्षा परिषदेचा ठराव १२४४. या ठरावाने प्रांताचा कारभार संयुक्त राष्ट्रांच्या मिशनकडे गेला, अंतिम दर्जा मात्र लोंबकळत राहिला.

फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी यांनी २००७ च्या मार्चमध्ये 'देखरेखीखालील स्वातंत्र्या'ची योजना सुरक्षा परिषदेपुढे ठेवली. रशिया आडवा आला. मग युरोपीय संघ, अमेरिका आणि रशिया अशा तिघांच्या मध्यस्थीला १२० दिवस दिले गेले. तेही डिसेंबर २००७ मध्ये निष्फळ संपले, आणि वाटाघाटींनी सुटेल असं म्हणणारं पाश्चात्त्य देशांत फारसं कोणी उरलं नाही.

३. घोषणेआधी काय काय तयार असावं लागतं?

लोकांना वाटतं की भाषण लिहिलं की झालं. खरं काम आधीच्या महिन्यांत होतं. कोसोव्होत घोषणेच्या दिवशी या गोष्टी जागेवर होत्या:

– ताजा जनादेश. १७ नोव्हेंबर २००७ ला निवडणूक झाली आणि जानेवारीत हाशिम थाची पंतप्रधान झाले. 'तुम्हाला निवडलं कोणी?' याचं उत्तर तयार होतं.
– सुरक्षा. नाटोचं सैन्य १९९९ पासून तिथेच होतं. त्यामुळे सर्बियाची राजधानी बेलग्रेडहून रणगाडे येण्याचा प्रश्न नव्हता.
– मोठ्या राजधान्यांशी जुळवलेली तारीख. सर्बियातल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची दुसरी फेरी ३ फेब्रुवारीला होती. ती उरकू दिली. ४ फेब्रुवारीला युरोपीय संघाने आपल्या कायदा-सुव्यवस्था मिशनवर मोहोर उमटवली. घोषणा त्यानंतर आली.
– घटनेचा मसुदा. घोषणेनंतर अवघ्या दोन दिवसांत, १९ फेब्रुवारीला, तो लोकांच्या सूचनांसाठी खुला झाला. म्हणजे तो आधीच लिहिला गेला होता, हे उघड आहे.

याच्या उलट चित्र स्पेनमधल्या कॅटालोनियाचं. २७ ऑक्टोबर २०१७ ला बार्सिलोनातल्या संसदेने स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याच दिवशी माद्रिदने घटनेच्या कलम १५५ खाली स्वायत्त सरकार बरखास्त केलं. तिजोरी, सीमा यांपैकी काहीच हाती नव्हतं आणि मान्यता द्यायला एकही देश पुढे आला नाही.

४. १७ फेब्रुवारी २००८ ला प्रत्यक्षात काय झालं?

रविवार होता. कोसोव्होची राजधानी प्रिश्टिनात विधानसभेच्या इमारतीत विशेष बैठक झाली. १२० पैकी १०९ सदस्य हजर होते. दहा सर्ब सदस्य आणि गोरानी समाजाचे एक सदस्य आले नाहीत. घोषणापत्र पपायरसच्या दोन पानांवर लिहिलेलं होतं. ते वाचून दाखवलं, मतदान झालं आणि मग हजर असलेल्या प्रत्येकाने एकेक करून सही केली. राष्ट्राध्यक्ष फातमिर सेयदिऊ विधानसभेचे सदस्य नव्हते, तरी त्यांनीही सही केली. हा बारकावा लक्षात ठेवा, प्र. ६ मध्ये तो कामाला येणार आहे.

दुसऱ्या दिवशी सर्बियाच्या संसदेने ही घोषणा रद्दबातल ठरवली.

५. घोषणापत्रात काय लिहावं लागतं? नमुना आहे का?

ठरलेला नमुना नाही. कोसोव्होचं पत्र बारा परिच्छेदांचं आहे आणि त्यात अभिमानापेक्षा आश्वासनं जास्त आहेत. स्वातंत्र्य पहिल्याच परिच्छेदात उरकलं आहे. पुढे बहुवांशिक लोकशाही, अहतिसारी योजनेतली सर्व बंधनं मान्य, युरोपीय मिशनला निमंत्रण, नाटोने सैन्य ठेवावं अशी विनंती, सीमा योजनेत दिल्याप्रमाणेच राहतील याची ग्वाही. शेवटी, या बंधनांनी आम्ही कायदेशीररीत्या बांधलेलो आहोत आणि इतर देशांनी त्यावर विसंबावं, असंही लिहून दिलं आहे. पत्र घरच्या जनतेपेक्षा परदेशी मंत्रालयांसाठी लिहिलं होतं असं आमचं मत, आणि त्यात काही चूकही नव्हतं.

प्रस्तावनेतलं एक वाक्य मुद्दाम घातलेलं आहे: कोसोव्हो हे विशेष प्रकरण आहे, इतरांसाठी पायंडा नाही. स्वतःच्या घरात फुटीर चळवळी असलेल्या देशांची समजूत घालण्यासाठी ते होतं. स्पेनची समजूत काही पटली नाही.

६. घोषणा नेमकी केली कोणी? विधानसभेनेच ना?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच.

प्रिश्टिनातली विधानसभा ही संयुक्त राष्ट्रांच्या मिशनने २००१ च्या 'घटनात्मक चौकटी'खाली निर्माण केलेली हंगामी संस्था होती. परराष्ट्र व्यवहार आणि प्रदेशाचा दर्जा हे विषय तिच्या कक्षेत नव्हते. म्हणजे विधानसभा या नात्याने तिने घोषणा केली असेल, तर ती अधिकाराबाहेर गेली. याआधी २००२ ते २००५ दरम्यान विधानसभेने कक्षेबाहेर पाऊल टाकलं, तेव्हा मिशनच्या प्रमुखांनी ते ठराव अवैध ठरवलेही होते. सर्बियाचा सगळा भर याच मुद्द्यावर होता.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २२ जुलै २०१० च्या सल्लागार मतात वेगळी वाट काढली. हे लोक त्या दिवशी हंगामी संस्था म्हणून वागत नव्हते. त्या चौकटीबाहेर उभे राहून जनतेचे प्रतिनिधी म्हणून एकत्र आले होते, असं न्यायालय म्हणालं. पुरावे असे: मजकूर 'आम्ही, आमच्या जनतेचे लोकशाही मार्गाने निवडलेले नेते' अशा अर्थाने बोलतो, विधानसभेचे सदस्य नसलेल्या राष्ट्राध्यक्षांची सही आहे, घोषणा मिशनच्या प्रमुखांकडे पाठवली गेली नाही, हंगामी संस्थांच्या राजपत्रात ती छापलीही नाही. शिवाय मिशनचे प्रमुख या वेळी गप्प राहिले. म्हणजे एरवी ज्याला कारकुनी हलगर्जीपणा म्हणाल, त्याच गोष्टींनी घोषणा तारली.

सगळे न्यायाधीश याला राजी नव्हते. तेच सभागृह, तेच सदस्य, तेच अध्यक्ष. मग संस्था वेगळी कशी, असा भिन्नमत देणाऱ्यांचा सवाल होता. तो सवाल बिनतोड नसला तरी वजनदार आहे.

७. म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कोसोव्होला देश म्हणून मान्य केलं?

नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ८ ऑक्टोबर २००८ ला, सर्बियाच्याच पुढाकाराने, फक्त एवढं विचारलं होतं की ही घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून आहे का. न्यायालयाने १० विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की तिने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग केलेला नाही. कोसोव्हो देश झाला का, फुटून निघण्याचा हक्क असतो का, इतरांनी दिलेली मान्यता वैध का, यांना न्यायालयाने हात लावला नाही. प्रश्नच अरुंद विचारला गेला होता.

एक अपवाद मात्र न्यायालयाने स्पष्ट केला. ऱ्होडेशिया (१९६५) आणि उत्तर सायप्रस (१९८३) यांच्या घोषणा सुरक्षा परिषदेने बेकायदा ठरवल्या, त्या एकतर्फी होत्या म्हणून नव्हे. बेकायदा बळाचा वापर किंवा तितक्याच गंभीर नियमांचा भंग त्यांना चिकटलेला होता म्हणून.

८. घोषणेच्या दुसऱ्या दिवशी कोर्टात कोणता कायदा चालतो?

जुनाच, आणि तो तसाच चालू राहील हे लिहून ठेवावं लागतं. नाहीतर लग्नाची नोंद, सातबारा, कर्जाचे कागद, तुरुंगातल्या माणसाची शिक्षा, सगळंच एका रात्रीत अधांतरी होतं. कोसोव्होच्या घटनेत कलम १४५ हे काम करतं: लागू असलेले कायदे, घटनेशी सुसंगत असतील तितपत, रद्द किंवा दुरुस्त होईपर्यंत चालू राहतील; आंतरराष्ट्रीय करारही पाळले जातील. बांगलादेशने तर हे पहिल्याच दिवशी केलं. १० एप्रिल १९७१ च्या घोषणेबरोबरच कायदे चालू ठेवण्याचा आदेश निघाला.

'जुना कायदा' म्हणजे किती जुना, यावर कोसोव्होत १९९९ मध्येच पेच झाला होता. मिशनने आधी २४ मार्च १९९९ रोजी लागू असलेला कायदा चालेल असं म्हटलं. अल्बेनियन न्यायाधीशांनी सर्बियाचे नेते मिलोशेविच यांच्या काळातला कायदा लावायला नकार दिला. डिसेंबरमध्ये नवा नियम काढून तारीख मागे नेली: २२ मार्च १९८९. दुसऱ्याच दिवशी प्रांताच्या विधानसभेत स्वायत्तता कापण्याचं मतदान झालं होतं, म्हणून नेमकी ही तारीख.

९. राज्यघटना कोणी लिहिली? किती दिवस लागले?

अहतिसारी योजनेच्या पहिल्याच परिशिष्टात घटना समितीची रचना होती. सदस्य २१: पंधरा राष्ट्राध्यक्षांनी विधानसभेच्या अध्यक्ष मंडळाशी बोलून नेमायचे, तीन सर्बांसाठी राखीव जागांवरच्या सदस्यांनी, तीन इतर अल्पसंख्य समाजांच्या सदस्यांनी. मसुदा थेट विधानसभेत मांडता येत नव्हता. योजनेच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारे आंतरराष्ट्रीय नागरी प्रतिनिधी पीटर फेथ यांनी तो योजनेशी जुळतो असं प्रमाणित करणं सक्तीचं होतं.

फेथ यांचं प्रमाणपत्र २ एप्रिल २००८ ला मिळालं, विधानसभेने ९ एप्रिलला घटना मंजूर केली आणि १५ जूनपासून ती अमलात आली. योजनेत १२० दिवसांचा संक्रमणकाळ धरला होता, त्यात हे बसवलं. लोकांकडून सूचना मागवल्या, पण मसुद्याचा कणा हलवायला वाव नव्हताच. सार्वमतही घेतलं नाही.

१०. घटनेत कोणती कलमं बाहेरून आली? बदलता येतात का?

बरीच. काही नमुन्यादाखल: दुसऱ्या कोणत्याही देशात विलीन होणार नाही (कलम १, रोख अल्बेनियाकडे). अल्बेनियन आणि सर्बियन या दोन अधिकृत भाषा (कलम ५). १२० पैकी २० जागा राखीव: दहा सर्बांना, चार रोमा, अश्काली आणि इजिप्शियन समाजांना, तीन बोस्नियाकांना, दोन तुर्कांना, एक गोरानींना (कलम ६४). भाषा, शिक्षण, पालिकांच्या हद्दी यांसारख्या विषयांवरच्या कायद्यांना अल्पसंख्य सदस्यांचं वेगळं बहुमत लागतं (कलम ८१).

कुलूप आहे कलम १४४ मध्ये. घटनादुरुस्तीला सर्व सदस्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतंच, शिवाय राखीव जागांवरच्या वीस जणांचंही वेगळं दोन तृतीयांश. म्हणजे सात जण अडले की दुरुस्ती अडली. सैन्य उभारताना हेच झालं. घटनेत 'सुरक्षा दल' असा शब्द आहे. तो बदलायला सर्ब सदस्य तयार नव्हते. शेवटी डिसेंबर २०१८ मध्ये साध्या कायद्यांनी त्याच दलाचं काम सैन्याचं केलं, नाव तेच ठेवलं. पळवाट आहे, पण घटनेच्या आतली.

११. नव्या देशाचा नागरिक कोण? आज तिथे राहतो तो?

असं ठरवलं असतं तर युद्धात पळालेले लोक बाहेर राहिले असते. म्हणून घटनेच्या कलम १५५ ने १ जानेवारी १९९८ ही तारीख धरली. त्या दिवशी जो युगोस्लाव्हियाचा नागरिक होता आणि कोसोव्होत राहत होता, त्याला आणि त्याच्या थेट वंशजांना नागरिकत्वाचा हक्क. आज तो कुठेही राहो, दुसरं नागरिकत्व असो वा नसो. तारीख युद्धाने माणसं हलवण्याआधीची आहे, त्यामुळे पळून गेलेल्या सर्बांनाही ती लागू पडते. घटना लिहिणाऱ्यांनी दुसरं काही उसनं घेतलं नाही तरी ही पद्धत घ्यावी.

१२. चलन, फोनचा कोड, झेंडा यांचं काय?

चलन: १९९९ मध्ये मिशनने जर्मन मार्क चालवला, त्याच्या जागी २००२ मध्ये युरो आला. युरो क्षेत्राचं सदस्यत्व नाही, नोटा छापायचा अधिकारही नाही. घटनेचं कलम ११ 'एकच कायदेशीर चलन' एवढंच म्हणतं, युरोचं नाव घेत नाही.

फोन: कित्येक वर्षं घरचा फोन सर्बियाच्या ३८१ वर, मोबाइल मोनॅको किंवा स्लोव्हेनियाच्या कोडवर. स्वतःचा ३८३ मिळाला २०१६ च्या डिसेंबरमध्ये, तोही सर्बियाशी समझोता झाल्यावर.

झेंडा: निळ्यावर सोनेरी नकाशा आणि सहा तारे. अल्बेनियन गरुड मुद्दाम टाळला आहे. राष्ट्रगीताला शब्दच नाहीत. कोणत्या भाषेत लिहायचं हा वाद त्यामुळे मिटला.

१३. घाईत लिहिलेल्या घटनेत पुढे काय अडलं?

राष्ट्राध्यक्षपद. सप्टेंबर २०१० मध्ये घटना न्यायालयाने ठरवलं की सेयदिऊ यांनी पक्षाध्यक्षपद न सोडता, नुसतं 'गोठवून', राष्ट्राध्यक्ष राहणं घटनाबाह्य आहे. त्यांनी राजीनामा दिला. पुढे बेहजेट पाचोली निवडून आले, तर मार्च २०११ मध्ये त्यांची निवडच रद्द झाली: रिंगणात एकच उमेदवार होता आणि मतदानात किमान दोन तृतीयांश, म्हणजे ८० सदस्यांनी भाग घ्यायला हवा होता, तितके आलेच नव्हते. एप्रिलमध्ये अतिफेते याह्यागा निवडून आल्या तेव्हा पेच सुटला.

कोरम, 'सर्व सदस्य' की 'हजर सदस्य', किती फेऱ्या, फेऱ्या संपूनही निकाल लागला नाही तर काय, ही वाक्यं मसुद्यात कंटाळवाणी वाटतात. सरकारं पडतात ती इथेच. हक्कांच्या प्रकरणावर कमी आणि या वाक्यांवर जास्त वेळ घालवावा, असं आम्ही म्हणू.

१४. मान्यता किती देशांची लागते? दिलेली मान्यता काढून घेता येते?

ठरलेला आकडा नाही. कोसोव्होला शंभराहून अधिक देशांनी मान्यता दिली. पहिल्या दोन दिवसांतच अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान त्यात होते. भारताने दिलेली नाही. युरोपीय संघातले स्पेन, ग्रीस, रोमानिया, स्लोव्हाकिया आणि सायप्रस यांनीही नाही. सुरिनामसारख्या काही देशांनी मान्यता मागे घेत असल्याची पत्रं दिली. एकदा दिलेली मान्यता अशी काढता येते का, यावर कायदेपंडितांत एकमत नाही.

संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व ही वेगळी पायरी आहे. सुरक्षा परिषदेत १५ पैकी ९ मतं, पाच कायम सदस्यांपैकी कोणाचाही नकाराधिकार नाही, आणि मग आमसभेत दोन तृतीयांश. बांगलादेशचा अर्ज १९७२ मध्ये चीनच्या नकाराधिकाराने अडला आणि प्रवेश मिळाला १९७४ मध्ये. कोसोव्हो अजून बाहेर आहे, मात्र आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेत २००९ पासून आहे. तिथे नकाराधिकार नाही.

१५. घटना आधी की स्वातंत्र्य आधी?

तिन्ही तऱ्हा झाल्या आहेत. पूर्व तिमोरमध्ये ८८ सदस्यांची घटना सभा २००१ मध्ये निवडली, मुदत ९० दिवसांची दिली, लागले सहा महिने. २२ मार्च २००२ ला घटना आणि २० मे ला स्वातंत्र्य. मग त्याच सभेने स्वतःला संसद करून टाकलं, त्यावर टीका झाली. बांगलादेशने घोषणा आधी केली. घटना सभा बनली ती १९७० मध्ये पाकिस्तानच्या निवडणुकीत निवडून आलेल्यांची; ३४ जणांच्या समितीने मसुदा केला, ४ नोव्हेंबर १९७२ ला मंजुरी आणि १६ डिसेंबरपासून अंमल. दक्षिण सुदानने हंगामी घटनेवर सुरुवात केली आणि कायम घटनेचं घोडं पुढची दहा वर्षं उलटली तरी अडलेलंच राहिलं. हंगामी कागदाला संपण्याची तारीख आणि ती चुकली तर काय, हे दोन्ही लिहा.

१६. सार्वमत घेतलंच पाहिजे का?

नाही. कोसोव्होने २००८ मध्ये घेतलं नाही. उलट इराकी कुर्दिस्तानात २५ सप्टेंबर २०१७ ला ९२ टक्क्यांहून जास्त लोक 'हो' म्हणाले, आणि पुढच्याच महिन्यात इराकी फौजांनी किर्कुक परत घेतलं. मतांचा आकडा सीमा राखत नाही. सार्वमत घ्यायचंच असेल तर किमान मतदानाची अट आधी ठरवा. दक्षिण सुदानने ६० टक्क्यांची ठेवली होती.

१७. वेगळा विदर्भ हाही यातलाच प्रकार का?

अजिबात नाही. ती भारताच्या आत नवं राज्य करण्याची मागणी आहे आणि घटनेच्या अनुच्छेद ३ नुसार संसद साध्या बहुमताने तसं करू शकते. संबंधित विधानसभेचं मत मागवावं लागतं, पण ते बंधनकारक नाही. देशातून फुटून निघण्याची तरतूद मात्र आपल्या घटनेत कुठेही नाही. १९६३ च्या सोळाव्या दुरुस्तीने उमेदवारांच्या शपथेतच देशाच्या सार्वभौमत्वाचा आणि अखंडतेचा उल्लेख आणला.

१८. फुटून निघालेल्या प्रदेशातला एखादा तुकडा पुन्हा वेगळा होऊ शकतो का?

मागणी होतेच. कोसोव्होच्या उत्तरेला उत्तर मित्रोवित्सा, ज्वेचान, जुबिन पोतोक आणि लेपोसाविच या चार पालिकांत सर्ब बहुसंख्य आहेत. तिथे २००८ नंतरही सर्बियाच्या संस्था समांतर चालत राहिल्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये तिथल्या लोकांनी प्रिश्टिनाच्या संस्था नाकारणारं मतदानही केलं. सीमा अदलाबदलीच्या कल्पना निघाल्या, पण मान्यता देणाऱ्या बहुतेक देशांना प्रांताची जुनी हद्द तशीच हवी होती, कारण एक रेघ हलली की बोस्नियापासून सगळ्यांच्या रेघा हलतात. सर्बियाशी झालेल्या १९ एप्रिल २०१३ च्या ब्रुसेल्स करारात तोडगा निघाला तो हद्दीच्या आतला: सर्बबहुल पालिकांचा संघ. तो संघ कागदावर आहे. घटना न्यायालयाने २०१५ मध्ये त्याची तत्त्वं तपासली, ती घटनेच्या भावनेशी पूर्ण जुळत नाहीत असं म्हटलं, तरी संघ स्थापन करायला मात्र हरकत घेतली नाही.